वाचक विचारतात : प्रतिकारशक्ती वाढवू की आवरू?

मागच्या अंकात फॅटी लिव्हरबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली बरीचशी 'अमुक चूर्ण चालेल का' अशी आहेत, त्यांना वेगळे उत्तर देईन. पण काही पत्रांत 'कॉम्प्लिमेंट' हा शब्द आला आहे. लॅब चालवत असताना हा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीत क्वचित दिसायचा. आता तो तपासणीच्या पॅकेजमधून थेट घरात येऊन पडतो, आणि समजावून सांगायला जवळ कुणी नसते. म्हणून या वेळी तीच पत्रे घेतली.

प्रश्न : माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत. उंची साधारण, वजन ७१ किलो, दारू नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीत 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' आले. लिव्हरची इजा दाखवणारी एसजीओटी ५२, एसजीपीटी ७८, प्लेटलेट २ लाख १० हजार. त्याच रिपोर्टमध्ये 'सी३ : १९६' असे ठळक अक्षरांत छापले आहे. मुलगा म्हणतो, सी३ हे कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रतिकारशक्तीतले प्रथिन आहे आणि तेच लिव्हरला इजा करते. इकडे सासूबाई कोविडपासून घरातल्या सगळ्यांना रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतात, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. आता नक्की काय करायचे, वाढवायची की कमी करायची?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, मुलगा निम्मा बरोबर आहे. सासूबाईंना मात्र समजावावे लागेल, आणि ते काम तुमच्या मिस्टरांनी करावे, तुम्ही नको.

आधी मुलाचे. कॉम्प्लिमेंट म्हणजे एक प्रथिन नव्हे, रक्तात फिरणाऱ्या तीसहून जास्त प्रथिनांचा तो ताफा आहे. एरवी ती निष्क्रिय असतात. जंतू आला की एक प्रथिन दुसऱ्याला कापते, ते तिसऱ्याला, अशी साखळी सुरू होते. तिची सुरुवात तीन वाटांनी होऊ शकते, पण तिन्ही वाटा सी३पाशी येऊन मिळतात. सी३चे दोन तुकडे होतात. मोठा तुकडा, सी३बी, जंतूच्या अंगाला चिकटतो. त्या खुणेवरून आपल्या भक्षक पेशी त्याला ओळखतात आणि गिळतात. लहान तुकडा, सी३ए, रक्तात सुटतो आणि सूज आणतो. पुढे सी५ फुटते, त्यातला सी५ए पांढऱ्या पेशींना जोरात बोलावून घेतो, आणि सी५बीपासून सी९पर्यंतची प्रथिने एकत्र येऊन जंतूच्या आवरणाला आरपार भोक पाडतात.

गंमत अशी की सी३ कधीच पूर्ण शांत नसते. जंतू असो नसो, त्यातले थोडे सतत आपोआप उघडत राहते. गॅस मंद ठेवून दूध तापत ठेवावे आणि समोर कुणीतरी उभे असावे, तसे हे चालते. 'फॅक्टर एच' नावाचे प्रथिन हे समोर उभे राहण्याचे काम करते. शिवाय आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर सीडी५५ आणि सीडी५९ अशी संरक्षक प्रथिने असतात, ती साखळी तिथेच तोडतात. जंतूकडे बहुधा ही सोय नसते.

ही सोय अपुरी पडली की काय होते, ते पुणेकरांनी अलीकडेच पाहिले. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड या भागांत गिया-बारेची, म्हणजे मज्जातंतूंना इजा होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराची, साथ आली. जुलाबांना कारण होणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू काही रुग्णांच्या नमुन्यांत सापडला. त्या जंतूविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी कधीकधी मज्जातंतूंनाही चिकटतात, कारण दोघांच्या पृष्ठभागावरची रचना सारखी असते. अँटीबॉडी चिकटली की मागोमाग कॉम्प्लिमेंट येते आणि मज्जातंतूला इजा करते. त्या महिन्यात घराघरांत पाण्याच्या टँकरची, विहिरीची आणि महागड्या इंजेक्शनांची चर्चा होती. कॉम्प्लिमेंटचे नाव मात्र मी कुठे ऐकले नाही.

आता लिव्हर. रक्तातले बहुतेक कॉम्प्लिमेंट लिव्हरच्या पेशींतच तयार होते. त्याच लिव्हरमध्ये कुप्फर नावाच्या भक्षक पेशी बसलेल्या असतात. आतड्यातून पोर्टल व्हेनने आलेल्या रक्तात चुकार जंतू असले, तर सी३बी चिकटलेले ते जंतू या पेशी पकडतात. म्हणजे रोजचे काम व्यवस्थित चाललेले असते. बिघाड होतो तो लिव्हरच्या पेशी चरबीने फुगून मरू लागल्यावर. मेलेल्या पेशींचा कचरा उचलण्यासाठीही कॉम्प्लिमेंटच लागते. कचरा थोडा असला तर सूज न येता काम उरकते. तो महिनोन् महिने साठतच राहिला, तर सी३ए आणि सी५ए सतत सुटतात, कुप्फर पेशी चवताळतात, पांढऱ्या पेशी आत शिरतात, आणि स्टेलेट नावाच्या पेशी जखम भरून काढण्याच्या नादात धागे विणत सुटतात. हे धागे म्हणजेच फायब्रोसिस, आणि ते वाढत गेले की सिरॉसिस. सी५च्या जनुकातल्या फरकामुळे काही उंदरांच्या लिव्हरमध्ये हे धागे जास्त साठतात, असे २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले. दारूमुळे होणाऱ्या इजेतही हेच आढळते. सीडी५५ नसलेल्या उंदरांना दारू पाजली, तर त्यांच्या लिव्हरची अवस्था इतर उंदरांपेक्षा वाईट होते.

मग १९६चा अर्थ काय? बहुतेक लॅबमध्ये सी३ची नेहमीची मर्यादा ९० ते १८०च्या आसपास असते. शरीरात कुठेही सूज असली की सी३ वाढते, आणि पोटावर चरबी असली तरी वाढते, कारण चरबीच्या पेशीही सी३ बनवतात. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत हा आकडा 'आत काहीतरी सुजले आहे' एवढेच सांगतो, आणि ते सोनोग्राफीने व एसजीपीटीने आधीच सांगितले होते. सी३ हा फॅटी लिव्हरचा मापक नाही. निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या वार्षिक पॅकेजमध्ये सी३ कशासाठी घालतात हे मला आजवर कळलेले नाही. बिलात चार तपासण्या जास्त दिसतात, हे एक कारण असावे.

खरा उपयोगी आकडा त्याच कागदावर आहे, फक्त कुणी काढून दिलेला नाही. कॅल्क्युलेटर घ्या. वयाला एसजीओटीने गुणा : ५४ गुणिले ५२, म्हणजे २८०८. आता एसजीपीटीचे वर्गमूळ काढा : ७८चे ८.८३. त्याला प्लेटलेटच्या हजारांनी गुणा, २१० गुणिले ८.८३, म्हणजे साधारण १८५४. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १.५१. याला फिब-४ म्हणतात, लिव्हरमध्ये धागे पडले असावेत का याचा अंदाज त्यावरून येतो. १.३च्या खाली असते तर मी म्हटले असते, पथ्य पाळा आणि वेळोवेळी पुन्हा तपासा. २.६७च्या वर असते तर म्हटले असते, आजच पोटविकारतज्ज्ञांकडे जा. तुमचे मधले आहे, म्हणून लिव्हर किती कडक झाले ते मोजणारी फायब्रोस्कॅन ही तपासणी करून घ्या. सुई नाही, भूल नाही, उपाशीपोटी जायचे आणि दहा-पंधरा मिनिटांत मोकळे. 'किलोपास्कल' म्हणून जो आकडा येईल तो ८च्या खाली आला तर मोठी काळजी मिटली.

'वजन ७१ म्हणजे काही फार नाही' असे वाटत असेल तर एक पुण्याचाच दाखला देते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडची माणसे अंगाने बारीक दिसतात आणि चरबी पोटात बाळगतात. तेव्हा मिस्टरांना वजनकाट्यावर उभे करण्याआधी कंबरेला टेप लावा. पाच किलो उतरले, म्हणजे वजनाच्या साधारण सात टक्के, तर लिव्हरची सूजही कमी होऊ शकते. सी३ची पुन्हा तपासणी नको, ते आपले आपण खाली येईल. अमृततुल्यचा चहा दिवसातून चार वेळा होत असेल, तर त्यातल्या साखरेचा हिशेब त्यांनीच मांडावा.

आता काढा. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेले ६ रुग्ण पाहिले, त्या सगळ्यांच्या घेण्यात गुळवेल होती. २०२१मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासले नव्हते असा मंत्रालयाचा आक्षेप होता. आक्षेप रास्त आहे. पण तो घरच्या काढ्यालाही लागू पडतो. तुमच्या सासूबाईंना वेल कोण आणून देतो, आणि त्याने ती कशावरून ओळखली? त्या रुग्णांपैकी काहींची इजा ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखी होती, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटल्यासारखी. गुळवेल सी३ वाढवते असे मी म्हणत नाही. ज्या लिव्हरमध्ये आधीच सूज आहे, तिथे 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून जे काही मिळते ते देऊ नये, एवढेच म्हणते. एसजीपीटी ७८ असलेल्या माणसाचा काढा आजपासून बंद. बाकीच्यांचे सासूबाईंशी नंतर बोला. एका दिवसात दोन आघाड्या उघडू नका.

आणि 'कमी करायची का' याचेही उत्तर नाहीच असे आहे. सी५ अडवणारे एक्युलिझुमॅब हे औषध २००७पासून वापरात आहे, पण ते रक्ताच्या आणि मूत्रपिंडाच्या काही दुर्मीळ आजारांसाठी. ते देण्याआधी मेनिंगोकोकस या मेंदूज्वराच्या जंतूविरुद्धची लस टोचावी लागते, कारण सी५ बंद झाले की तो जंतू झपाट्याने फैलावतो. फॅटी लिव्हरसाठी ते कुणी देत नाही.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे. हेपॅटायटिस सीमुळे सिरॉसिस आहे, पोटात पाणी साठते. अल्ब्युमिन २.६, आयएनआर १.७. आता सी३ ५४ आणि सी४ ९ आले. ओळखीच्या एका बाईंना ल्युपस आहे, त्यांचेही हे आकडे असेच कमी असतात. वडिलांना ल्युपस झाला असेल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : तशी शक्यता फारच कमी आहे. ल्युपसमध्ये, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटते त्या आजारात, सी३, सी४ ही कॉम्प्लिमेंटची प्रथिने कमी होतात कारण ती वापरली जातात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती मुळात तयारच कमी होत आहेत. अल्ब्युमिन लिव्हर बनवते, रक्त गोठवणारी प्रथिने लिव्हर बनवते (ती घटली की आयएनआर वाढतो), कॉम्प्लिमेंटही लिव्हरच बनवते. तिन्ही एकदम घसरली असतील तर कारण एकच आहे. एक अपवाद ध्यानात ठेवा. सी३ ठीकठाक असताना सी४ एकटेच तळाला गेले असते, पायांवर जांभळे ठिपके उठले असते, सांधे दुखत असते, तर हेपॅटायटिस सीमधल्या क्रायोग्लोब्युलिनची, म्हणजे थंडीत गोठणाऱ्या अँटीबॉडींची, तपासणी करायला सांगितली असती. तसे ठिपके असतील तर डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही विचारले नाही, पण हे जास्त महत्त्वाचे आहे. कॉम्प्लिमेंट कमी म्हणजे जंतूंना खूण करणारे कमी. पोटातल्या पाण्यातही ते कमीच असते, म्हणून अशा रुग्णांच्या पाण्यात बाहेरून काही न होता जंतुसंसर्ग होतो. पुढच्या वेळी पाणी काढतील तेव्हा त्यातली प्रथिने किती आली ते विचारा. १०० मिलीमागे दीड ग्रॅमपेक्षा कमी असतील तर आधीच प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यायचे का, याचा विचार डॉक्टर करतात. पाण्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरमागे २५०च्या वर गेल्या तर संसर्ग झाला असे धरून उपचार सुरू होतात, कल्चरची वाट पाहत नाहीत. ताप, पोटदुखी, किंवा वडील असंबद्ध बोलू लागले, दिवसा झोपून रात्री जागू लागले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. 'उद्या सकाळी बघू' नको. सिरॉसिसच्या रुग्णाचा ताप अनेकदा ९९च्या पुढे जातच नाही, त्यामुळे थर्मामीटरवर विसंबू नका.

हेपॅटायटिस सीच्या गोळ्यांचा कोर्स झाला आहे का, ते पत्रात नाही. राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८च्या जुलैपासून सुरू आहे, त्यात या गोळ्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. सिरॉसिस झाला म्हणून त्यांचा उपयोग संपत नाही, फक्त गोळ्या निवडताना लिव्हरची अवस्था पाहावी लागते.

प्रश्न : भावाला लिव्हरचा तुकडा द्यायचे ठरले आहे. मी ३८ वर्षांची, तब्येत चांगली. डॉक्टर म्हणतात उजवा भाग काढतील, साधारण साठ टक्के, आणि उरलेले वाढेल. घरचे घाबरले आहेत. खरेच वाढते? आणि कॉम्प्लिमेंट इतके वाईट असेल तर शस्त्रक्रियेआधी ते औषधाने बंद का करत नाहीत?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : वाढते. कापलेला उजवा भाग पुन्हा फुटत नाही, उरलेला डावा भाग आकाराने मोठा होतो. सुरुवातीचे काही आठवडे ही वाढ जोरात असते, मग वेग मंदावतो. पूर्वीच्या आकाराच्या जवळपास पोचायला काही महिने लागतात, पण रोजच्या कामाला पुरेल एवढे लिव्हर त्याच्या कितीतरी आधी झालेले असते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मला आनंद झाला, कारण उत्तर अगदी उलटे आहे. उंदरांच्या लिव्हरचा मोठा भाग काढून पाहिला गेला आहे. ज्यांच्यात जन्मतः सी३ नाही त्यांचे लिव्हर नीट वाढत नाही, काही दगावतातही. सी३ए आणि सी५ए, वर ज्यांना मी इतकी नावे ठेवली तेच दोन तुकडे, बाहेरून दिले तर परिस्थिती सुधारते. उरलेल्या पेशींना विभाजनासाठी तयार व्हा, हा निरोप त्यांच्याकडूनही जातो.

भावाच्या बाजूने चित्र वेगळे आहे. तुमच्या शरीरातून निघालेला तुकडा काही काळ रक्ताविना बर्फात असतो. त्याच्या शरीरात बसवून रक्त सोडले की तोच क्षण धोक्याचा. रक्ताविना राहिलेल्या पेशी इजा झालेल्या आहेत हे कॉम्प्लिमेंट ओळखते आणि त्यांच्यावर तुटून पडते. ही इजा थांबवावी म्हणून उंदरांत कॉम्प्लिमेंट बंद करून पाहिले. पूर्ण बंद केले तर लिव्हर वाढेना. अर्धवट आवरले तर इजाही कमी झाली आणि वाढही झाली. किती आवरायचे, ही मात्रा माणसासाठी अजून हाताशी नाही, म्हणून औषध देत नाहीत. जिवंत दात्याच्या शस्त्रक्रियेत तुकडा बाहेर राहण्याचा वेळ कमी असतो, कारण दाता आणि रुग्ण शेजारशेजारच्या थिएटरमध्ये असतात. भावाच्या दृष्टीने हा मोठाच फायदा.

सख्खी बहीण कायद्याने जवळची नातेवाईक आहे, त्यामुळे परवानगीची वाट सोपी आहे, पण मुलाखत तुमची एकटीची होईल. तिथे 'माझी तयारी आहे' म्हणताना खरेच तयारी असू द्या. नको वाटले तर तसे सांगण्याचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. अशा वेळी बहुतेक डॉक्टर घरच्यांना 'वैद्यकीय कारणाने जमत नाही' एवढेच सांगतात. शस्त्रक्रियेआधी तुमच्या लिव्हरमधली चरबी मोजतील. जास्त निघाली तर आधी वजन उतरवायला सांगतील, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : मी मायक्रोबायोलॉजीला आहे. प्रॅक्टिकलला सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटे ठेवायला लावतात. ५६च का?
— एक विद्यार्थी, शिवाजीनगर

उत्तर : अरे, हे सरांना विचारायला लाजतोस होय? सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग, त्यातली कॉम्प्लिमेंटची काही प्रथिने त्या तापमानाला निकामी होतात, अँटीबॉडी मात्र टिकतात. जूल्स बोर्दे या बेल्जियन शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेमके हेच दाखवले. गरम केलेले सीरम जंतू मारेना. त्यात ताज्या सीरमचा थोडा भाग घातला की पुन्हा मारू लागे, मग ते ताजे सीरम ज्या प्राण्याला लस टोचलेली नाही त्याचे का असेना. म्हणजे सीरममध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक उष्णतेला टिकणारी, एक न टिकणारी. याच मालिकेतल्या कामासाठी त्याला १९१९चे नोबेल मिळाले.

आमच्या लॅबमध्ये व्हीडीआरएलच्या, म्हणजे सिफिलिसच्या चाचणीच्या, प्रत्येक बॅचला हेच करायचो. सकाळी वॉटर बाथ चालू, थर्मामीटर ५६ला टेकला की ट्यूबांचा रॅक आत. कॉम्प्लिमेंट जिवंत राहिले तर चाचणीत ढवळाढवळ करते. उलट कॉम्प्लिमेंटचीच ताकद मोजायची असेल, म्हणजे सीएच५०, तर सगळी कसरत त्याला जिवंत ठेवण्याची. मेंढीच्या लाल पेशींवर अँटीबॉडी चढवायची, त्यात रुग्णाचे सीरम वेगवेगळ्या प्रमाणात घालायचे आणि ३७ अंशांवर ठेवायचे. कॉम्प्लिमेंट धड असेल तर गढूळ लाल द्रव बघता बघता पारदर्शक होतो, कारण पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर येते. ट्यूबमागे छापील कागद धरला तर अक्षरे वाचता आली पाहिजेत. एकदा मे महिन्यात एका कलेक्शन सेंटरकडून एका बाईंचा नमुना दुचाकीच्या डिकीतून भर दुपारी फिरून आमच्याकडे आला. सीएच५० जवळपास शून्य. बाईंचा नमुना पुन्हा घेतला, लगेच सीरम वेगळे केले, बर्फात ठेवले, आणि आकडा नॉर्मल. तेव्हा तू नोकरीला लागशील तिथे सीएच५०चा कमी आकडा दिसला, तर रुग्णाकडे बघण्याआधी नमुना कसा आला ते विचार.